न खेळलेल्या कॅसेट

लातूरजवळच्या मुरुडच्या धोंडप्पाकडे व्हिडिओ गेमच्या तीनशे कॅसेट होत्या. निम्म्या कधी लावल्याही नव्हत्या, तरी दर रविवारी तो लातूरहून आणखी आणायचा. दुष्काळाच्या साली पाण्याचा टँकर रविवारीच येऊ लागला, म्हणून त्याला घरी थांबावं लागलं.

“हायत त्या तर खेळा की,” बायको गुरम्मा म्हणाली.

त्यानं धूळ झटकून एक लावली. पडद्यावर दोन शिपाई आले. दुसरा रिमोट कपाटात होता, तरी दुसरा शिपाई आपणहून चालत गेला आणि धोंडप्पासाठी दार उघडून थांबला.

धोंडप्पानं बटणाकडे हात नेला. “बंद करू?”

“नगा,” मागं उभी असलेली गुरम्मा हळूच म्हणाली. “किती वर्षं आत एकटंच हाय ते.”

धोंडप्पा खेळत राहिला. लातूरच्या खेपा थांबल्या. आता तो घरातल्याच एकेक कॅसेट लावतो. प्रत्येकीत कुणीतरी आधीच येऊन थांबलेलं असतं.