उत्तरेचा बाण

कापडाचे दोन्ही तुकडे लालच होते, पण सकाळी ते दोन वेगळे लाल होते. एकात निळ्याची किंचित झाक, दुसऱ्यात केशरीची. आता ऊन कललं होतं आणि बाईंच्या तळहातांवर दोन्ही तुकडे सारखेच पेटल्यासारखे दिसत होते.

"यातला जांभळ्याकडे झुकणारा कुठला?" बाईंनी विचारलं.

टाचणीनं उजवा दाखवला. बाईंनी तुकडा उलटून मागची खूण बघितली. चुकलं होतं.

"मलाही नाही ओळखता आला," बाई म्हणाल्या. "आणि माझी अर्धी हयात रंगाच्या वाफेत गेली आहे. म्हणजे एक तर आपण दोघी एकदमच म्हाताऱ्या झालो, नाहीतर तुझ्या या काचेत घोळ आहे."

टाचणी हसली नाही. तिची नजर काचेपलीकडे गेली होती. काचेतून सूर्य थेट तिच्या तोंडावर येत होता. आणि या काचेतून सूर्य कधीच असा समोरून आत यायचा नव्हता.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी मामांच्या ड्रॉइंगच्या टेबलाखाली बसून 'हे असंच का, ते तसंच का' म्हणून ती टोचत राहायची, म्हणून मामांनी ते ठेवलं. पुढे ती शिकून आर्किटेक्ट झाली, मामांच्याच ऑफिसात लागली, पण नाव काही सुटलं नाही. साइटवरचे गवंडीसुद्धा तिला टाचणीताई म्हणत.

समोर मोकळ्या माळावर फॅशनची संस्था उभी राहायची होती. बाई तिथल्या होणाऱ्या प्राचार्या, आणि कॅम्पसचा आराखडा मामांचा. कसा देखणा आराखडा तो! गेटमधून आत आलं की लांबलचक अंगण. एका बाजूला विणकामाची दालनं, दुसऱ्या बाजूला कापडाचं कोठार, तेही असं बेतलेलं की उन्हाची तिरीप आत जाऊन कापड विटायला नको. जिन्यांच्या वळणावर माणसाएवढे आरसे, कारण बाईंचं म्हणणं, "पोरांनी स्वतःला चालताना बघायला पाहिजे, नुसतं उभं राहून नाही." शेवटी रॅम्पचा हॉल. आणि या सगळ्याच्या मधोमध, देवघरात समई असावी तसा, तो मोठा हॉल. कापड कापायची आणि रंगवायची शाळा. त्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच. ती काच उत्तरेला. उत्तरेचा उजेड शांत असतो. तो सकाळ-संध्याकाळ रंग बदलत नाही, सावल्या नाचवत नाही. रंग जुळवणाऱ्याला तोच हवा.

मामा ऑफिसात नेहमी म्हणत, "उजेड देवाचा असतो. आपण फक्त खिडकी काढायची. तेवढं एक काम त्यानं आपल्यावर सोपवलंय, ते तरी नीट करावं."

काच कशी दिसते हे बाईंना दाखवायला म्हणून हॉलच्या कोपऱ्यावर लाकडी सांगाड्याचा एक दात खऱ्या मापाचा बांधून ठेवला होता. अगदी नकाशाप्रमाणे, त्याच दिशेनं. सकाळी त्यात उभं राहून बाईंनी पसंतीची मान डोलावली होती. सकाळी पायाचं काँक्रीटही ओतायचं होतं. पण काँक्रीटच्या प्लांटवर काहीतरी बिघडलं, गाड्या खोळंबल्या, संस्थेच्या अध्यक्षांनी आदळआपट केली, ठेकेदारानं कपाळाला हात लावला. आणि दिवस कलला. त्या बिघाडात कुणाचा हात होता ते कोण सांगणार? गाड्या वेळेवर आल्या असत्या, तर कलत्या उन्हात इथं दोन लाल तुकडे हातात घेऊन कुणी उभंच राहिलं नसतं.

"बाई, हा पश्चिमेचा उजेड आहे," टाचणी हळूच म्हणाली.

बाईंनी तुकडे मुठीत घेतले. "मग उत्तर कुठं गेली?"

टाचणीला ते कळलं होतं. मामांच्या ऑफिसची एक रीत होती. नकाशा कुठलाही असो, गेट नेहमी कागदाच्या खालच्या कडेला. 'पाहुणा खालून येतो' असं मामांचं म्हणणं. कागद बघणाऱ्यानं पाहुण्यासारखं आत चालत जावं. आणि उत्तरेचा बाण सगळ्यात शेवटी, मामांच्या हातचा. सहीसारखा. तो मान दुसऱ्या कुणाला नाही.

या कामाचं गेट आधी दक्षिणेला होतं. मग तो रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि गेट पूर्वेला आलं. आराखडा नव्यानं मांडला, रीतीप्रमाणे गेट पुन्हा कागदाच्या खाली आलं, टाचणीनं रेघा ओढल्या, आणि शेवटी मामांनी सवयीनं बाण काढला. कागदाच्या वर तोंड करून, काचा होत्या त्याच बाजूला. पण आता वर पश्चिम होती; बाण उजवीकडे निघायला हवा होता. साइटवर आखणी झाली ती गेटपासून नि रस्त्यापासून मोजून. दिशा कुणी तपासलीच नाही. मोठ्या सरांच्या बाणावर शंका कोण घेणार?

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं घरघर ऐकू आली. फिरत्या पिंपांच्या गाड्या माळाकडे वळत होत्या.

टाचणी पळत सुटली.

मामा खड्ड्यांच्या काठाशी ताडपत्रीच्या सावलीत अध्यक्षांशेजारी बसले होते. लोखंडाच्या जाळ्या खड्ड्यांत बसवून तयार होत्या. मामा खुशीत दिसत होते. हे आपलं शेवटचं मोठं काम, असं ते घरी मामीला म्हणाले होते आणि मामीनं ते सगळ्यांना सांगितलं होतं.

"सर, जरा येता?"

"इथंच बोल की."

"नको. काच दाखवायचीये."

"ताई, काचबिच उद्या," ठेकेदार खड्ड्यापलीकडून ओरडला. "माल पिंपात घट्ट झाला तर तुम्हीच चमच्यानं खरवडा मग!"

मजूर हसले. मामाही हसत उठले. सांगाड्यापाशी पोचेपर्यंत टाचणीनं सगळं सांगून टाकलं, धाप लागलेल्या आवाजात, अर्धं पुढचं आधी, अर्धं आधीचं नंतर.

मामा थबकले. "उत्तर कुठं आहे हे आता तू मला शिकवणार?"

"मी नाही शिकवत. तुम्ही आत उभे राहा."

"किती इमारती उभ्या केल्या मी, माहितीये? तुझा जन्म नव्हता तेव्हा..."

"सर, गाड्या आल्या. नुसते आत उभे राहा ना!"

मामा आत गेले. ऊन थेट डोळ्यांवर आलं तशी त्यांनी कपाळाशी हात धरला. तो हात बराच वेळ तसाच राहिला. बाई बाजूला उभ्या होत्या.

"गेट हलल्यावर कागद कुणी फिरवला?" मामांनी विचारलं.

"मी."

"आणि बाण?"

टाचणीनं बाहेर गाडीकडे बघितलं. मामांचा चेहरा दिवा विझावा तसा झाला होता. बाहेर पहिली गाडी मागं मागं सरकत खड्ड्याकडे येऊ लागली.

"मी सांगते," ती घाईनं म्हणाली. "माझ्या हातून झालं म्हणते. मला ओरडतील, चार दिवसांत विसरतील. तुमच्या नावाला उगाच..."

मामा हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. आणि माणूस आहे हो, मोह कुणाला चुकलाय? उभ्या हयातीचं नाव एका पेन्सिलीच्या रेघेवर टांगलेलं, आणि भाची आपणहून ती रेघ आपल्या अंगावर घ्यायला निघालेली. मामांनी मान फिरवली.

टाचणीनं ते संमती समजलं आणि ती खड्ड्यांकडे धावली. "थांबवा! गाडी थांबवा!"

ठेकेदारानं हात वर केला. अध्यक्ष खुर्चीतून उठले. "आता काय?"

"साहेब, माझ्याकडून चूक झालीये. हॉलची दिशा चुकली. काच पश्चिमेला आलीये, दुपारनंतर ऊन आत येतंय, रंग ओळखता येत नाहीत. ओतू नका."

अध्यक्षांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग, नवल म्हणजे, हसले. "एवढंच ना? तुझी चूक ना? मग किरकोळच असणार. ऊन येतं तर पडदे लावू. शिवायचीच शाळा आहे आपली, पडद्यांना काय तोटा!"

"पण साहेब..."

"हे बघ पोरी, मुलांचे प्रवेश जाहीर झालेत. मोठ्या सरांनी हा नकाशा पास केलाय. त्यांना कळतं की तुला कळतं? ओता रे!"

टाचणीला वाटलं होतं चूक आपल्या अंगावर घेतली की काम थांबेल. उलटंच झालं. चूक तिची म्हटल्याबरोबर चूकच राहिली नाही. पोरीची बडबड झाली. आता गाडी थांबवू शकेल असा एकच माणूस साइटवर होता, आणि तो तिकडे काचेत पाठमोरा उभा होता.

गाडीची पन्हळ खड्ड्यावर आली. पिंपाचा आवाज बदलला. पन्हळीच्या तोंडाशी राखाडी लगदा दिसू लागला. उद्या या हॉलात पोरंपोरी टेबलाशी वाकून रंग जुळवतील आणि रोज दुपारी त्यांचे डोळे त्यांना फसवतील, तेही ही इमारत उभी असेतोवर. काँक्रीट एकदा आवळलं की देवालाही विनवून उपयोग नाही.

"मामा!" ती ओरडली. ऑफिसात ती त्यांना सर म्हणायची, साइटवर तर नेहमीच. आता ते भान राहिलं नाही.

मामा वळले. ढेकळांवरून तिरपे, धडपडत, जवळजवळ पळत आले आणि थेट पन्हळीखाली हात धरून उभे राहिले. ठेकेदारानं शिवी गिळली आणि ड्रायव्हरला खूण केली. लगद्याचा एक गोळा मामांच्या बाहीवर पडलाच.

"सर, अहो, वेड लागलं का?"

"थांबव म्हणतोय." मामा अध्यक्षांकडे वळले. "साहेब, भाची खोटं बोलतेय. चूक तिची नाही. तिनं पकडली. केली मी."

"तुम्ही?" अध्यक्षांचं हसू मावळलं.

"बाण माझ्या हातचा आहे. रीतीप्रमाणे काढला, डोळे उघडून काढला नाही. हॉल चुकीच्या दिशेला आहे आणि मी तो ओतू देणार नाही."

"म्हणजे पुन्हा खोदाखोदी? सगळं नव्यानं?"

"सगळं नाही," टाचणी मध्येच म्हणाली, आणि मामांकडे बघून थांबली. मामांनी 'बोल' अशी मान हलवली. "खांबांची चौकट चौरस आहे साहेब. खांब आहेत तिथंच राहतील. छपराचे दात तेवढे आडवे फिरवता येतील. पण मग भार दुसऱ्या बाजूंच्या खांबांवर येतो. तिथले खड्डे मोठे करावे लागतील, जाळ्या नव्यानं बांधाव्या लागतील. इंजिनिअरकडून तपासून घेईपर्यंत काही ओतायचं नाही."

"आणि प्रवेशांचं काय? पालकांना मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा," मामा म्हणाले.

अध्यक्ष काहीतरी जहरी बोलणार होते, पण मध्ये बाई आल्या. त्यांनी मूठ उघडून दोन लाल तुकडे अध्यक्षांच्या हातावर ठेवले आणि काचेच्या सांगाड्याकडे बोट केलं. "तिथं उभं राहून मला यातला वेगळा काढून द्या. दिलात तर आत्ता ओता, मी पडदे स्वतः शिवते."

अध्यक्ष गेले नाहीत. त्यांनी तुकडे परत दिले. "मी हे मंडळापुढे मांडणार. हे काम तुमच्याकडे ठेवायचं की नाही ते तिथं ठरेल," ते मामांना म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. त्या 'ठरेल'मध्ये काय ठरेल ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"निवाडे होत राहतील हो," ठेकेदार रडकुंडीला आला, "पण हा माल मी काय डोक्यावर ओतू?"

मामांनी बाहीवरचा गोळा झटकला. "गेटच्या चौकीचे खड्डे तयार आहेत ना?"

"आहेत," टाचणी म्हणाली.

"तिथं न्या मग. ते गेट तरी चुकलेलं नाही ना गं?"

"नाही मामा. गेट जिथं असायला हवं तिथंच आहे."

गाड्या घरघरत गेटकडे वळल्या. पाहुणा यायच्या वाटेवर संस्थेचा पहिला पाया पडू लागला. मजूर फावडी घेऊन तिकडे धावले, आणि हॉलच्या खड्ड्यांपाशी मामा, टाचणी नि बाई एवढेच उरले.

मामांनी नकाशा उलट्या घमेल्यावर पसरला. खिशातून रबर काढलं आणि बाण पुसला. पुसताना कागद किंचित फाटला. मग त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली. "आता तू काढ."

"नाही. तुमचा मान आहे."

"मानाचं राहू दे. त्या मानानंच घोळ केला."

"मग तुम्ही काढा आणि मी दाखवते," टाचणी म्हणाली. ती कागदावर न बघता मावळतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं उजवा हात लांब केला, खांद्यापासून बोटापर्यंत सरळ.

बाईंनी तिच्या सावलीत दोन्ही लाल तुकडे धरले आणि डोळे बारीक करून बघू लागल्या.

मामांनी एक डोळा मिटला. तिच्या हाताच्या रेषेत पेन्सिल धरली, कागदावर टेकवली, पुन्हा वर बघितलं.

"हलू नकोस," ते म्हणाले. "अजून थोडं. हलू नकोस हं, टाचणे."