पाच नंबरची बाटली

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळे ‘साहेबीण’ म्हणत. हे नाव बॉयलरवाल्याने ठेवलं होतं आणि त्यात कौतुक कमी, चिमटा जास्त होता. सात वर्षं ही बाई चादरींच्या घड्या घालतेय, मधूनमधून पुस्तक उघडतेय, पण साहेब व्हायची काही लक्षणं दिसत नाहीत, असा त्याचा हिशोब. चार वेळा तिने स्पर्धा परीक्षा दिली होती आणि चारही वेळा अगदी काठावरून परत आली होती. ही पाचवी खेप. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष होतं, पण ते तिने आईशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. नापास झाले तर एकवेळ चालेल, पण लोकांची कीव नको.

बाकीच्या विषयांत ती कुणाला हार जाणारी नव्हती. घोडं पेंड खायचं ते रसायनशास्त्रात. पंधरा प्रश्न यायचे, त्यातले तिचे चार बरोबर निघायचे, तेही नशिबाने. शिवाय चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जायचा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पाठांतराला ती कमी पडत नव्हती. सुकवणी यंत्र चाळीस मिनिटं फिरायचं, तेवढा वेळ ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसून सूत्रं घोकायची. संध्याकाळपर्यंत मात्र सगळं डोक्यातून धुऊन निघायचं. धुलाईखान्यातच काम करतेस, दुसरं काय होणार, असं बॉयलरवाला म्हणायचा.

एके दिवशी ही घोकंपट्टी डागमामीच्या डोक्यात गेली.

डागमामी ही तिथली सगळ्यात जुनी बाई. यंत्राने हात टेकलेले कपडे तिच्या टेबलावर यायचे. रक्त, औषधं, शाई, लोखंडी खाटांचा गंज, जे काही कपड्यावर पडू शकतं ते सगळं तिने काढलं होतं. तिच्या टेबलावर पाच पांढऱ्या बाटल्या असत आणि त्यांच्यावर लाल तैलरंगाने एक ते पाच आकडे घातलेले असत. चिठ्ठ्या ओल्या हातांनी दोन दिवसांत विरघळायच्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे मामी शाळेत दोनच इयत्ता टिकली होती. आकड्यांशी तिचं जमायचं, अक्षरांशी नाही. तिचा एकच नियम सगळ्यांना पाठ होता: दोन आणि पाच यांची भेट घालायची नाही. मामीच्या तरुणपणी कुणीतरी दोन नंबर लावलेली चादर न खळबळता तिच्यावर पाच ओतला होता आणि अख्खा धुलाईखाना खोकत खोकत अंगणात पळाला होता.

“ए साहेबीण, सकाळपासून ते आयोडीन आयोडीन काय लावलंयस? आयोडीन कधी बघितलंस तरी का?” मामीने विचारलं.

तिने बघितलं होतं, म्हणजे चादरींवरचे तपकिरी डाग रोज मोजले होते. पण पुस्तकातलं आयोडीन ते हेच, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मामीने एक डागाळलेली चादर टेबलावर पसरली आणि तीन नंबरच्या बाटलीतले चार थेंब टाकले. डाग बघता बघता नाहीसा झाला.

“आता हा गेला कुठं, ते तुझ्या पुस्तकाला विचार. तीस वर्षं मी घालवतेय, पण मला कुणी सांगितलेलं नाही,” मामी म्हणाली.

तिने पुस्तक चाळलं. तीन नंबर म्हणजे हायपो, सोडियम थायोसल्फेट. आणि डाग जातबित काही नाही. आयोडीन हायपोकडून इलेक्ट्रॉन घेतं, बिनरंगी होतं आणि पाण्यात विरघळून बसतं. तिने ते मामीला सांगितलं. मामीने चादर उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, म्हणजे असतो तो पाण्यात, नुसता दिसत नाही होय. त्या दिवशी मामी इतकी खूश होती की तिने आपल्या डब्यातली अर्धी भाजी साहेबिणीला वाढली.

मग तो रोजचा रिवाजच झाला. रोज एक डाग, रोज एक कारण. एक नंबर म्हणजे धुण्याचा सोडा. दोन म्हणजे ब्लीचिंग पावडर. चार म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, रक्तावर टाकलं की फसफसणारं, आणि ती फसफस म्हणजे ऑक्सिजन. पाच म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल, गंजाचा काळ. दोन आणि पाच भेटले की क्लोरीन सुटतो, म्हणून मामीचा तो नियम. ऑक्सिडीकरण आणि क्षपण या जोडीने साहेबिणीला चार परीक्षा रडवलं होतं. मामीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली की यात रडण्यासारखं काय आहे, एक देतो आणि दुसरा घेतो, आणि दोघंही पहिल्यासारखे राहत नाहीत. त्यानंतर साहेबीण ते कधी विसरली नाही.

नावं मात्र तिच्या डोक्यात आकड्यांच्या हाताला धरूनच आली. हायपो म्हटलं की आधी लाल रंगातला तीन दिसायचा, मग हायपो.

परीक्षेच्या दिवशी तेच अंगाशी आलं. रसायनशास्त्राचा पहिलाच प्रश्न होता, आयोडीनचा डाग कशाने जातो. तिला हसूच आलं. तीन, असं मनाने सांगितलं आणि तिने बॉलपेनने तीनचा गोल काळा केला. जखम धुताना कशाचा फेस येतो? चार. धुण्याच्या सोड्याचं सूत्र? एक. हात सपसप चालला होता. मग प्रश्न आला, गंजाचा डाग घालवायला कोणतं आम्ल वापरतात. पाच, असं मन म्हणालं, आणि पेन जागच्या जागी थांबलं. उत्तराला पर्याय चारच होते. पाचवा गोलच नव्हता.

तिने पर्यायांचे आकडे भरले नव्हते, बाटल्यांचे भरले होते. मागे जाऊन पाहिलं तर हायपो पहिल्या पर्यायात होतं आणि सोड्याचं सूत्र दुसऱ्यात. पेरॉक्साइड तेवढं योगायोगाने चौथ्यात बसलं होतं. सगळ्या इस्पितळाचे डाग काढणाऱ्या तळघरातली ती बाई, आणि कागदावरचे दोन काळे ठिपके तिला काढता येत नव्हते. खोडाखोड केली की उत्तरपत्रिकाच बाद. तिने उरलेले प्रश्न सोडवले आणि प्रत्येक पर्याय बोट ठेवून वाचला.

परीक्षा केंद्रातून ती थेट तळघरात आली. वाटेभर ते दोन ठिपके डोळ्यांसमोर नाचत होते. मामी हात पुसत पुढे आली, कसा गेला पेपर म्हणून विचारायला. आणि सात वर्षांत कुणाला उलट न बोललेली साहेबीण सगळ्यांसमोर बोलून गेली.

“तुमच्या आकड्यांनी मला बुडवलं, मामी. तीन म्हणून तीन भरला, एक म्हणून एक. पाच नंबर शोधला तर तिथं चारच होते. तुमच्याकडे शिकायला नको होतं मी.”

मामीने पुसलेले हात पुन्हा पुसले आणि ती टेबलाकडे वळली. घरी आल्यावर साहेबिणीने आईला सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली की पेपर तू लिहिलास, मामीने नाही. ते खरं होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. माफी मागावी असं रोज वाटायचं, पण जीभ रेटायची नाही. सव्वा महिना ती घड्यांच्या टेबलावर मान खाली घालून राहिली आणि मामीच्या कोपऱ्याकडे फिरकली नाही.

निकाल लागला तेव्हा ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. मोबाइलवर यादी उघडली. यादी एकशे अठरा गुणांवर थांबली होती, आणि तिला एकशे अठरा पूर्णांक एक चतुर्थांश होते. तिने आपला क्रमांक तीनदा ताडून पाहिला. मग विषयवार गुण उघडले. रसायनशास्त्रात पंधरापैकी तेरा प्रश्न बरोबर होते. दोन ठिपक्यांनी अडीच गुण खाल्ले होते हे खरं. पण एरवीचे चार सोडून वर जे नऊ आले होते, ते कुणी दिले होते? बाकी सगळे विषय मागच्याच वर्षाइतके होते, जेमतेम. ती नऊ उत्तरं काढून घेतली असती तर ती पुन्हा त्याच काठावरून परत आली असती, आणि या वेळी परत यायला काठसुद्धा उरला नसता.

घडी अर्धवट टाकून ती मामीच्या टेबलाकडे धावली, आणि तिथे थबकली. बाटल्यांवरचे आकडे गेले होते. लाल रंग टर्पेंटाइनने घासून काढला होता आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्याला पट्टीच्या कापडाची दोरी होती. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा पाचपर्यंत.

“हे कधी केलंत?” तिने विचारलं.

मामीने वर न बघता सांगितलं, “तुझ्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, पुढच्या खेपेला आकडे तुझ्या डोळ्यांसमोर नकोत. बोटांना काय, गाठी कळतात.”

पुढची खेप नव्हतीच, हे मामीला ठाऊक नव्हतं. एवढं बोलून घेऊनही ही बाई दुसऱ्याच दिवशी तिच्या पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागली होती. साहेबिणीला रडू आवरेना. ती तिथेच स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं, शेवटचं वर्ष, तेरा उत्तरं, पाव गुण. चुकले ते माझ्या आकड्यांमुळेच ना, असं मामीने विचारलं.

“दोन चुकले ते माझ्या घाईमुळे. तेरा आले ते तुमच्यामुळे,” ती म्हणाली. “मी त्या दिवशी जे बोलले, ते बोलायला नको होतं, मामी.”

मामीने डोळे पुसले आणि बॉयलरवाल्याला हाक मारून सांगितलं की आपली साहेबीण खरीच साहेबीण झाली. तोही त्या दिवशी चिमटा काढायला विसरला. त्याच्याच खोलीत लाल रंगाचा डबा मिळाला. आकडे परत घालायला साहेबिणीने कुंचला घेतला आणि पहिली बाटली पुढे ओढली.

“ती नको. आधी पाच लिही,” मामी म्हणाली.

“पाच का?”

“माझ्याकडे चारच बाटल्या असत्या तर तू थांबली असतीस का? सगळेच गोल तसे भरून आली असतीस.”

तिने बाटली मांडीवर घेतली आणि लांबून दिसेल एवढा मोठा पाच काढला. कुंचला उचलताना रंगाचा एक थेंब मामीच्या पांढऱ्या एप्रनवर पडला. सात वर्षांच्या सवयीने ती टर्पेंटाइनचं फडकं घ्यायला उठली. मामीने तिचं मनगट धरलं.

“राहू दे,” मामी म्हणाली. “हा एक राहू दे.”