दाराकडं दाखवलेलं बोट

त्या घरात ब्रेड फार साठायचा. फ्रिजमध्ये ब्रेड, डब्यात ब्रेड, पिशवीत वाळून खडखडीत झालेला ब्रेड. घरात माणसं तीन, त्यातली एक सहा वर्षांची, आणि तिचं खाणं सगळं पातळ. मग एवढा ब्रेड खाणार कोण? पण पोरीची नळी बदलायची वेळ झाली, की बापाला ब्रेड आठवायचा.

बाप वीज खात्यात वायरमन. वादळात खांबावर चढणारा माणूस. तुटलेली तार बघून लोक लांब पळायचे, हा हातमोजे चढवून जवळ जायचा. पण त्याची लेक, बबडी, तिला श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली. त्या नळीतला कफ ओढायचं मशीन घर्रर्र करून सुरू झालं, की या पठ्ठ्याचे पाय आपोआप चपला शोधायचे.

बबडीसाठी दिवसा घरी सिस्टर यायच्या. बाकी सगळा वेळ आई. दर गुरुवारी नळी बदलायची, आणि त्याला माणसं दोन लागतात. एकानं जुनी काढायची, दुसऱ्यानं लगेच नवी घालायची. ते आई आणि सिस्टर उरकायच्या. बाप परत यायचा तोवर पोरगी निवांत पडलेली असायची. "झालं? वा, छान," तो म्हणायचा आणि ब्रेड फ्रिजमध्ये कोंबायचा. शेजारीपाजारी तरी काय म्हणायचे? बाईमाणसालाच जमतं हे, पुरुषाचा जीव नाही हो तेवढा घट्ट. वायरमनला ते ऐकून बरं वाटायचं.

मग एके दिवशी आई बाथरूममध्ये घसरली. उजवा हात मोडला, कोपरापर्यंत प्लास्टर.

गुरुवार आला. सिस्टर म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही थांबायचं. हात धुऊन या."

वायरमनच्या हातात पिशवी होतीच. "मी? अहो, मला त्यातलं काय कळतंय? दुसऱ्या सिस्टर बोलवा ना, तुमच्या ओळखीतल्या."

"आज मिळेल कोणीतरी. पण मी घरी गेल्यावर नळी निसटली तर? ताईंचा एक हात गळ्यात बांधलाय."

"असं वाईट बोलू नका हो."

"मी चांगलं बोलले तर नळी ऐकणार आहे का माझं?" सिस्टरांनी चष्मा पुसला, परत घातला. "खांबावर एकटे चढता का तुम्ही?"

"छे! खाली जोडीदार लागतोच. तो नसेल तर मी शिडीला हात लावत नाही."

"का बरं?"

"का म्हणजे? वर काही झालं तर लाईन कोण बंद करणार?"

"आणि जोडीदार म्हणाला, मला बघवत नाही, मी जरा ब्रेड घेऊन येतो, तर?"

बबडीशेजारी बसलेली आई म्हणाली, "हे कच्चा खातील त्याला."

"ते वेगळं, हे वेगळं," वायरमन चिडला. "हे बायकांचं काम आहे. मीच चक्कर येऊन पडलो तर मला सांभाळाल की तिला?" आणि तो निघालाच.

बबडीनं दाराकडं बोट केलं. नळीमुळं तिला आवाज नव्हता. तिचं बोलणं सगळं हातांनी.

"येतो हं राणी. तुलाही नेईन एकदा फिरायला."

"तिला फिरायला नाही जायचंय," आई हळूच म्हणाली. "ती तुमचं नाव घेतेय."

"म्हणजे?"

"तिनं सगळ्यांच्या खुणा ठरवल्यात. गालावर हात ठेवला की मी. डोळ्यांपुढं बोटांचा गोल केला की सिस्टर, चष्म्यामुळं. आणि दाराकडं बोट केलं की बाबा."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष. मला सांगवेना तुम्हाला."

दार! लेकीनं बापाचं नाव दार ठेवलं होतं!

तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

बबडीच्या खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. सिस्टरांच्या हातात नवी नळी. "मी म्हटलं की काढायची. माझ्याकडं नका बघू, तिच्याकडं बघा." त्यानं काढली. पोरगी खोकली, चेहरा लाल झाला, डोळे बापावर. सिस्टरांचा हात सरकला, नळी बसली, श्वास सूं करून सुरू झाला. झालं सगळं एवढंच. ज्याला वर्षभर पाठ दाखवली, ते तोंडातला घोट गिळायच्या आत उरकलं होतं.

मानेमागं नळीची पट्टी त्यानंच बांधली. सिस्टरांनी खाली बोट घालून बघितलं. "सैल झाली. सोडा, परत बांधा." त्यानं परत बांधली. मग मोरीत जाऊन भडाभडा ओकला.

बाहेर येऊन बबडीपुढं बसला, छातीवर हात ठेवून विचारलं, "मी कोण?"

बबडीनं दाराकडं बोट केलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मंडळी, भीती वाटण्यात पाप नाही. आजारी लेकरापुढं सगळ्यांनाच वाटते, त्या आईलाही वाटत होती, तिला कोणी विचारलं नाही इतकंच. आपली भीती दुसऱ्याच्या अंगावर टाकून चपला घालणं, हे मात्र वाईट. आणि त्या पळण्याला बायकांचं काम म्हणून गोंजारणारे आपण सगळेच त्यात आलो. सिस्टर ठेवल्या म्हणजे घरच्यांची सुटका होत नाही. त्या मदतीला येतात, आपल्या जागी उभ्या राहायला नाही. लेकराची सेवा घरातल्या प्रत्येकाला यायला हवी, बापाला तर हवीच.

त्या घरात आता चहाबरोबर ब्रेड मिळत नाही. आईची तक्रार आहे. "आणायचं कुणी?" वायरमन म्हणतो.

बबडीची खूण काही बदलली नाही. नाव वर्षभर रुजलं होतं, पुसायलाही वेळ लागणारच. पण परवाच्या गुरुवारी तो हात धुऊन आला, तेव्हा तिनं बोट उचललं, दाराकडं नेलं आणि मध्येच थांबवलं. बोट तसंच हवेत राहिलं.

वायरमननं ते बोट हातात धरलं, आणि सिस्टरांना म्हणाला, "सांगा. काढू?"