साखरशाळेचे धडे

मंचरच्या पेठेत रमणलाल शेठचं कापडाचं दुकान. त्यांच्या मुलाचा, जिनेशचा, कापडात जीव रमेना, म्हणून त्याने माडीवर टायपिंग आणि छपाईचं काम सुरू केलं. २००६ साली लोणीची वृषाली तिथे कामाला होती. बी.एस्सी. होऊन ती लग्नपत्रिका टाइप करत असे.

दसऱ्याच्या सुमारास इंद्रायणीबाई एक सीडी घेऊन आल्या. ऊसतोडीच्या हंगामात पारगावला मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा भरे, तिथे त्या शिकवत. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांना परकी वाटते, म्हणून त्यांनी मुलांच्याच बोलीत धडे लिहून टाइप केले होते. उन्हाळ्यात त्यांचा संगणक जळाला. नव्या संगणकावर सीडीवर साठवलेले तेच धडे उघडले, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुना फॉन्ट विकणारा पुण्यातलं दुकान मोडून कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. छापलेल्या प्रती तर मुलं दर वर्षी गावी घेऊन जात.

"पुन्हा टाइप करू की, बाई," जिनेश म्हणाला.

"कशावरून करणार? वाचताच येत नाही."

वृषाली पडद्याकडे पाहत होती. "भाऊ, एकेका चिन्हामागं आपलं एकेक अक्षर हाय. बाई, यातलं तुम्हाला काही पाठ हाय का?"

पहिला धडा बाईंना पाठ होता. त्या सावकाश म्हणत गेल्या आणि वृषाली चिन्हाशी अक्षर जुळवत गेली. जिथे अडे तिथे बाई तो शब्द फोडून सांगत. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी अक्षरं हाती आली.

पण नुसतं चिन्हाच्या जागी अक्षर घालून भागेना. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, नव्यात ती नंतर लागे. 'दिवस' लिहिला की वेलांटी 'द'च्या आधी एकटीच लटके. त्यासाठी प्रोग्रॅमच लिहायला हवा होता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मजकूर लिहायचं, फुकट मिळणारं 'ऑफिस' पॅकेज होतं आणि त्याचं एस.डी.के.ही होतं, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमकडून त्या ऑफिसला कामाला लावण्याची अवजारं. वृषाली जावा ही प्रोग्रॅमची भाषा कॉलेजात शिकली होती. तिने ते सगळं संगणकावर चढवलं.

पण एस.डी.के.मधला पहिलाच नमुना प्रोग्रॅम चालेना. त्याने फक्त ऑफिसशी जोडणी करून एक कोरं पान उघडायचं होतं. दर खेपेला एकच उत्तर येई: ऑफिस सापडत नाही.

"समोर तर हाय की राव!" वृषाली वैतागली. बाईंना आपण उगाच आशा लावली, असं तिला वाटू लागलं. दिवाळी तोंडावर आली होती, पत्रिकांचा ढीग पडला होता.

"राहू दे आता," जिनेश म्हणाला. "जागा नव्हती म्हणून ऑफिस दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलंस ना, तेही काढून टाक. मशीन जड झालंय."

वृषाली एकदम थांबली. नमुना ऑफिसला नेहमीच्या जागी शोधत होता! तिने खरा पत्ता लिहून तो पुन्हा चालवला. ऑफिस आपसूक सुरू झालं आणि कोरं पान समोर आलं.

"एवढ्यासाठी आठवडा घालवलास?" जिनेशने विचारलं.

"एवढंच व्हतं अवघड," ती हसत म्हणाली.

पुढचं काम खरोखर भराभर झालं. वेलांटी उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेवायला तिने प्रोग्रॅमला शिकवलं. प्रोग्रॅम एकेक धडा उघडून बदलत, साठवत गेला. बाई मराठी वाचत बसल्या. मधेच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा धडा उघडायला सांगितला.

हंगाम सुरू झाल्यावर वृषाली स्वतः छापील धडे घेऊन पारगावला गेली. मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, कडेला पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली होती. एक मुलगी मोठ्याने वाचत होती. तिची आई कुशाबाई मोळ्या बांधायला निघाली होती, ती दारातच थबकली.

"ह्ये तर आमच्यावानीच बोलतंय," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगी 'सूर्य'पाशी अडखळली. तिथला रफार भलत्याच अक्षरावर बसला होता. वृषालीच्या नजरेतून तो सुटला होता.

"चुकलंय माझं," ती मुलीला म्हणाली. "उद्या नीट करून आणते."

दुसऱ्या दिवशी तिने रफाराची सोय केली आणि ती पानं पुन्हा छापली. जिनेशने त्या महिन्यापासून पत्रिकांसाठी दुसरी मुलगी ठेवली. गावोगावच्या शाळांतून अशाच न उघडणाऱ्या फाइली घेऊन माणसं वृषालीकडे येऊ लागली होती.