परत सांगा

"सात, मॅडम. सहा नाही, सात हजार म्हणाले ते."

मोजपट्टीने समोरच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं, म्हणून मला कळलं. मोजपट्टी म्हणजे माझी कोपायलट. वय चौतीस, घरी तीन वर्षांची मुलगी आणि कामात रेघभर इकडचं तिकडे खपत नाही, म्हणून हे नाव. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. मी घाईघाईने बटण दाबलं आणि टॉवरला चूक दुरुस्त करून सांगितली. तिकडून काहीतरी उत्तर आलं. काय ते समजलं नाही, पण मोजपट्टीचा चेहरा बघता ते कौतुक नसावं.

आमच्या धंद्यात टॉवर जे सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. त्याला रीडबॅक म्हणतात. त्या विमानतळाकडे उतरायला वळताना गेली सहा वर्षं आम्हाला सहा हजार फुटांपर्यंतच उतरवत आले होते. त्या दिवशी खाली दुसरं विमान होतं, म्हणून सात. मी ते ऐकलंच नव्हतं. जे ऐकू येईल अशी खात्री होती तेच म्हणून मोकळी झाले. ऐकू आलं नाही तर "परत सांगा" म्हणायची सोय असते. कालची नवशिकी पोरगी असो की तीस वर्षं उडवणारा खमक्या म्हातारा, कोणीही म्हणावं, कोणी नाक मुरडत नाही. पण एकाच फेरीत पाच वेळा म्हटलं की शेजारचं माणूस तुमच्याकडे बघायला लागतं. म्हणून आठ महिने मी ते दोन शब्द तोंडातून काढले नव्हते.

डावा कान आठ महिन्यांपूर्वी गेला. सर्दीने दडे बसले असतील, मोकळे होतील, असं म्हणत मी वाट बघत राहिले. सर्दी गेली, दडे राहिले. आता उजवाही मागोमाग निघाला होता. हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवायचा, बाकीचं सवयीवर आणि समोरच्याच्या ओठांवर सोडायचं, असा माझा कारभार चालला होता. चोरून करण्यासारखं आयुष्यात पहिल्यांदाच काही मिळालं होतं आणि तेही असलं.

घरी नवऱ्याला कधीच कळलं होतं. तो शाळेत भूगोल शिकवतो. मी जिथे जिथे जाते त्या शहरांच्या नद्या, टेकड्या, कारखाने त्याला पाठ. मला तिथली हॉटेलं पाठ. "जग तू फिरतेस आणि माहिती मला," असं तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे दर वेळी हसतात. घरातही मी रीडबॅक देते, ती जुनी खोड. "येताना साबण आण" म्हटलं की "येताना साबण" असं म्हणूनच मी पायात चप्पल घालते. मध्ये एकदा तो "दार लाव" म्हणाला. मी "दिवा लावते" म्हणत उठले आणि भर दुपारी दिवा लावला. उठून त्याने स्वतःच दार लावलं आणि दिवा तसाच जळू दिला. तेव्हापासून रस्त्याने चालताना तो माझ्या उजव्या बाजूला येतो.

त्याच्या त्या न बोलण्याचा मला राग यायचा. खरं तर भांडायला हवं होतं त्याने.

सांगून टाकायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. सांगून टाकलं की त्याच दिवशी संपलं असतं. मी तेवीस वर्षं उडवते आहे. पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं तेव्हा शिकवणारे सर धावपट्टीच्या कडेला उतरले, दार आपटलं आणि नुसतं "जा" म्हणाले. त्यांचं वजन कमी झाल्यामुळे विमान माझ्या अंदाजाच्या आधीच उचललं गेलं. मी मोठमोठ्याने हसत सुटले, आत ऐकायला कोणी नव्हतं. चाकं जमीन सोडतात तेव्हा खालची खडखड एकदम थांबते. त्या क्षणाची चटक मला लागली ती सुटली नाही. लग्न, सासूबाईंचं आजारपण, न झालेलं मूल, सगळं मी त्या दोन खडखडींच्या मधे कसंबसं बसवलं. खडखड थांबलेली मला अजून कळते, कानाने नाही, बसल्या जागी अंगाला.

आणि मला ती बॅग उचलून निघणंही आवडतं, लाज सोडून सांगते. पहाटेचा रिकामा रस्ता, अनोळखी गावातला चहा, कोणाच्याही मालकीची नसलेली खोली. घरी दोन दिवस झाले की मी कपाटं उघडून काय कुठे ठेवलंय ते शोधत बसते.

त्या दिवशी उतरल्यावर मात्र ती खोली अंगावर आली. चौथ्या मजल्यावर होती. खिडकी उघडत नव्हती. अशा हॉटेलांच्या खिडक्या उघडतच नाहीत, तेवीस वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. काचेपलीकडे रस्ता होता, माणसं बोलत होती, बसचालक कोणावर तरी ओरडत होता आणि हे सगळं मुकं. काच जाड असेल असं मी स्वतःला सांगितलं. मग नळ सोडला. पाणी पडताना दिसत होतं. बाजूला उभं राहून मी उजवा कान नळाजवळ नेला, तेव्हा कुठे थोडं ऐकू आलं. मी पलंगावर बसले आणि ढसाढसा रडले. केवढ्याने रडले कोण जाणे, पण शेजारच्या खोलीतून मोजपट्टी आली, म्हणजे बऱ्यापैकीच असेल.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. थकलेय."

ती दारातच उभी राहिली. "काल रात्री झोप झाली नव्हती का?"

"नव्हती."

"हं," ती म्हणाली. मोजपट्टीला खोटं मोजता येतं. पण पुढच्या वर्षी तिला कॅप्टन व्हायचं होतं आणि कॅप्टनच्या तपासणीच्या कागदावर सह्या करणाऱ्यांत मी होते. बिचारीने "आराम करा" म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीत विमान मी चालवत होते, टॉवरशी बोलायचं काम तिचं. निघाल्यापासून माझ्या लक्षात आलं, ती टॉवरला उत्तर देऊन झालं की तेच पुन्हा माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवून म्हणते. मला मोजून मापून शब्द पुरवत होती. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, हे आता लिहायला जड जातं. वाटलं, झालं, अशी एक मुलगी शेजारी असली तर अजून दोन-तीन वर्षं सहज निघतील.

उतरताना टॉवरने लांबलचक सूचना दिली. पाऊण मिनिट तरी चालली असेल. मी "चाकं खाली" म्हटलं. ती तेव्हा ती सूचना मला ओठांनी सांगत होती, अर्धी झाली होती. चाकांचा दांडा ओढणं तिचं काम. तिने मान हलवली आणि राहिलेली अर्धी सांगू लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग बोलता बोलता तिचे ओठ थांबले आणि चेहरा पांढरा पडला.

घंटा वाजत होती. चाकं वरच होती, जमीन खाली आली होती, आणि विमान बोंबलून सांगत होतं. तिला ते ऐकू आलं. मला नाही.

मी विमान पुन्हा वर नेलं. मोठी चक्कर मारून, चाकं खाली सोडून, व्यवस्थित उतरवलं. मागे एकशे दहा माणसं होती. त्यातल्या एका आजोबांनी उतरताना माझा हात हातात घेतला आणि काहीतरी छान म्हटलं असावं. मी हसले.

अशा वेळी कागद भरून द्यावा लागतो. तो मोजपट्टीने भरला आणि ऑफिसात माझ्यापुढे ठेवला. कारणाच्या रकान्यात तिच्या सुबक अक्षरात होतं: कोपायलटचं लक्ष विचलित झालं.

"हे काय लिहिलंस?"

"खरंच आहे ना मॅडम. चूक माझी आहे."

"कशामुळे विचलित झालं, ते?"

ती खाली बघत राहिली. खाली बघून बोलली ते मला कळलं नाही. मी तिची हनुवटी वर केली, लहान मुलीची करावी तशी, आणि म्हटलं, "बोल आता."

"तुम्ही मला शिकवलंत," ती म्हणाली. "माझी मुलगी व्हायच्या वेळी सगळे म्हणाले, आता ही कसली परत येते. तुम्ही एकट्या म्हणालात, येणार. सही करा, मॅडम. माझं काय, एक ताशेरा. सहा महिन्यांत विसरतात."

मी कागद घडी करून बॅगेत ठेवला. त्याच संध्याकाळी मेसेज करून वर्षाची वैद्यकीय तपासणी पंधरा दिवस अलीकडे आणली. नवऱ्याला सांगितलं, "उद्या कानाची तपासणी आहे."

"मी येऊ?"

"नको."

"बरं," तो म्हणाला आणि बराच वेळ वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसला.

कानाच्या तपासणीची खोली कपडे ठेवायच्या कपाटाएवढी असते. भिंतींना आतून जाड गादी, समोर एक लहानशी काच, काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई. कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं. मागच्या खेपेला डावा कान जरा मंद वाटत होता, तेव्हाच मला एक गोष्ट दिसली होती. सूर सोडताना या बाईंचा उजवा खांदा जरासा खाली जातो. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल. त्या दिवशी मी खांदा बघत बसले आणि उत्तम गुणांनी पास झाले. आजही तो खांदा तिथेच होता, निळ्या स्वेटरमधला, भरवशाचा.

उगाच मी गणवेश घालून गेले होते. बाईंनी काचेतून अंगठा दाखवला, म्हणजे सुरू करू का. मी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

उजवीकडे एक जाडा सूर आला. दाबलं. आणखी एक आला. दाबलं. मग एक आला की नुसता भास झाला ते ठरेना, तो सोडला. त्यानंतर काही नाही. मी अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिले. डोळे उघडावेत असं इतकं वाटत होतं की पापण्या दुखायला लागल्या. अजून डावा कान सुरू व्हायचाय, असं मी मनाशी म्हणत होते.

खांद्यावर हात पडला. दार उघडं होतं आणि बाई समोर उभ्या होत्या. दोन्ही कानांचं कधीच आटपलं होतं.

मी त्यांच्याकडे पेन मागितलं. बॅगेतला तो कागद मांडीवर उलगडला, मोजपट्टीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: कॅप्टनला घंटा ऐकू आली नाही. सही केली, तारीख घातली. बाई वाकून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाशी तोंड आणून, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुमच्या... बरोबर... कोणी... आलंय... का?"

"नाही," मी म्हटलं. "एकटीच आहे."

मग त्यांनी माझी बॅग उचलली, दुसरा हात माझ्या कोपराखाली धरला आणि मला हळूहळू दारापर्यंत सोडायला निघाल्या. मी त्यांना सोडू दिलं.