एकवीस मण्यांची कुंची

आमच्या नात्यात बावीस वर्षांपासून प्रत्येक लेकराची कुंची माझ्याच शिवणयंत्रावर निघते, अकोल्यात, जठारपेठेत. शिकले कुणाकडे नाही. पहिली तर अशी उलटी शिवली की लेकरू त्यात पाठमोरं बसलं. पण रीत आहे, आत्याची कुंची डोक्यावर चढल्याशिवाय कानात नाव सांगायचं नाही, आणि माझ्याशिवाय शिवणारी आत्या आमच्यात दुसरी नाही.

त्यात माझ्या भावाला, गजेंद्रला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. यावेळी सख्खी आत्या खुद्द मी. हिरव्या मखमलीवर एकवीस लाल काचमणी, कडेने गोटा, टोकाला घुंगरं, हनुवटीखाली बांधायला वीत वीत रेशमी दोऱ्या. फोटो काढून पाठवला. भावजयीचं, पौर्णिमाचं, उत्तर आलं, ‘ताई, मस्तच. फक्त मणी, घुंगरं आणि दोऱ्या नको.’

म्हणजे उरला पडदा.

मी काहीएक न काढता ती पिशवीत घातली आणि बारशाच्या सकाळी अमरावतीची एसटी धरली. चार माणसांसमोर नणंदेला कोण नाही म्हणतं, असा माझा डाव होता.

दारातच पौर्णिमाचे वडील खुशालराव बसलेले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर नातीसाठी आणलेला चाकांचा नवाकोरा वॉकर. वर्गाबाहेर काढल्यासारखा चेहरा.

“तुमी काय आणलं, वच्छलाबाई?”

“कुंची.”

“मनी हायेत?”

“एकवीस.”

“मंग बसा इथंच.” ते सरकले. “मी चांदूर बाजारहून हे बोचकं मांडीवर घेऊन आलो, अन् पोरीनं उंबरा ओलांडू देला नाही. म्हणते, चाकं हायेत, लेकरू पायरीवरून गडगडत जाईन. मी म्हटलं, तुले बी असल्यातच चालवलं होतं. तर म्हणते, म्हणूनच माह्या हनुवटीले टाके हायेत.”

मी पिशवी पाठीमागे धरून आत शिरले. खुशालरावही वॉकर दाराबाहेर ठेवून मागोमाग आले. पौर्णिमा शाळेत विज्ञान शिकवते. तिने टीपॉयवर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची पुठ्ठ्याची नळी, वीतभर कापून, उभी करून ठेवली होती.

“ताई, सोपं आहे. जे या नळीतून खाली पडते, ते लेकराच्या घशात अडकू शकते. ते तिच्या हाताशी ठेवायचं नाही.”

एवढंच ती बोलली, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना खेळ सापडला. शेजारच्या माणिकबाईंनी आणलेला चांदीचा खुळखुळा नळीच्या तोंडावरच अडकला. टाळ्या पडल्या. खुशालरावांची अंगठी सुळकन खाली. सुपारी खाली. गजेंद्रचं घड्याळ अर्ध्यात. मग माणिकबाईंनी, “हे पाहू बरं,” म्हणत तोंडातली कवळी काढून नळीत सोडली, आणि ती मधोमध रुतली. गजेंद्र उलथन्याच्या दांड्याने ती काढू लागला. जिच्यासाठी हे चाललं होतं ती पाळण्यात गाढ झोपलेली.

“माहे मनी शिवलेले हायेत,” मी संधी साधली. “नायलॉनच्या धाग्यानं. हत्तीनं ओढले तरी निघत नाहीत.”

“लेकरू ओढत नाही ताई, चोखते.”

“आणा इकडं,” खुशालराव उठले. वॉकरचा राग त्यांच्या अंगात अजून होताच. “मी चोखून पाह्यतो.”

“बाबा, काहीतरीच काय.”

“काहून? तुह्या विज्ञानात प्रयोग नसते का?”

त्यांनी कुंचीचा मण्यांचा कोपरा तोंडात घातला. हनुवटीखाली हिरवी मखमल दाढीसारखी लोंबली. बायका मोठ्याने आकडे मोजू लागल्या. साठ झाले, सत्तर झाले. मी माणिकबाईंकडे विजयाने पाहिलं. ऐंशीला खुशालरावांचे डोळे मोठे झाले.

मग खोकला. गजेंद्रने उलथनं टाकून त्यांच्या पाठीत दणके घातले, आणि लाल मणी सुटून पेढ्यांच्या ताटावर टण्णकन आदळला.

खुशालरावांनी श्वास घेतला, सदरा नीट केला.

“गोड नाही,” म्हणाले.

हसण्याची लाट अशी उठली की माणिकबाईंना बोळक्यावर पदर धरायची शुद्ध राहिली नाही. मीही हसत होते. हसता हसता धागा पाहिला. टाका पक्का होता. काचेच्या कडेनेच धागा कापला होता. तेवढ्यात गोंधळाने पोरगी जागी झाली, आणि पहिलं काम तिने काय केलं, तर अख्खी मूठ तोंडात कोंबायला लागली.

माझं हसू विझलं.

“कैची आन,” मी पौर्णिमाला म्हणाले.

“मी काढते ना, ताई.”

“मी लावले, मीच काढीन.”

मी एकेक मणी कापत गेले, खुशालराव वाटीत मोजत गेले. ताटातला धरून एकवीस भरल्याशिवाय त्यांनी कुणाला जागचं हलू दिलं नाही. मग घुंगरं. मग दोऱ्या, ज्यांवर माझे तीन दिवस गेले होते. सुटं सूत उरलं नाही ना, हे पौर्णिमाने दोनदा बोट फिरवून पाहिलं.

कुंची लेकराच्या डोक्यावर ठेवली, तर घसरून खाली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. बायका थांबल्या होत्या, आणि मी ती तिसऱ्यांदा ठेवू लागले. बिनकुंचीचं नाव मी कधी सांगितलं नव्हतं.

पौर्णिमाने लेक उचलून माझ्या हातात दिली.

“तुमीच धरून ठेवा, ताई. फक्त तोंडावर येऊ देऊ नका.”

मी डावा हात तिच्या मानेखाली घातला, उजव्या तळव्याने मखमल डोक्यावर धरली, आणि वाकून कानात सांगितलं, रेवती. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसं काही हे तिला आधीच माहीत होतं.

मग सगळ्यांचे हात पुढे आले. एक म्हणे मले दे, दुसरी म्हणे फोटोपुरती दे.

“कुंची पडन,” मी म्हणाले.

“मंग माही पाळी केव्हा?” खुशालराव.

“तुमची चोखून झाली.”

पौर्णिमाने रेवतीच्या मानेला बोट लावून पाहिलं. “घाम येते तिले. दहा मिनिटं झाले की काढायची बरं का, ताई.”

“हाव ना,” मी म्हणाले. किती मिनिटं झाली, ते मात्र मी कुणाला विचारलं नाही.