खाली कोण राहतं?

आयर्लंडात कुठे राहायचं, हे आमच्याकडे फ्रिजच्या दारावर ठरत होतं. माझा मुलगा शिरीष बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करतो. टोकियोत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत, सहाव्या मजल्यावर पाच वर्षं काढल्यावर, दोन हजार सहाच्या जूनमध्ये त्याची बदली आयर्लंडला झाली. तिथे कंपनीची दोन ऑफिसं, एक डब्लिनला आणि एक कॉर्कला. कुठलं हवं ते सोमवारी सांगायचं होतं. शिरीषने तक्ता छापून फ्रिजला चिकटवला होता: शाळा, दवाखाना, बस, पाऊस. पावसाच्या रकान्यात दोन्हीकडे नुसतं 'आहे' असं होतं.

त्याचा कल डब्लिनकडे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. 'चालत सात मिनिटं' हे तो असं सांगायचा, जशी वरपक्षाची माणसं मुलगा निर्व्यसनी आहे म्हणून सांगतात.

सून सुलेखा हिचा तक्ता एका ओळीचा होता. खाली कोण राहतं?

आमच्या खाली गोतो-सान राहायचे. भला माणूस, आवाज कधी चढवला नाही. फक्त दारात चिठ्ठी ठेवायचे की काल सव्वापाच ते साडेपाच वर कोणी धावत असल्यासारखं वाटलं, कदाचित मलाच भास झाला असेल. असल्या चिठ्ठीशी भांडणार कसं? सुलेखा बिस्किटांचा डबा घेऊन खाली जायची आणि कमरेत वाकून माफी मागायची. सहा वर्षांची उत्तरा आणि चार वर्षांचा अंबरीष घरात मांजरासारखी चवड्यांवर चालायची. मी तीन महिन्यांसाठी आलो, तर पहिल्याच दिवशी मला मोज्यांवर मोजे चढवायला मिळाले.

तिथली रीतच आहे. नव्या घरी गेलं की शेजाऱ्यांची दारं वाजवायची, मुलं लहान आहेत, त्रास होईल, आधीच क्षमा मागतो, असं सांगून यायचं. हे सुलेखाच्या अंगात इतकं मुरलं होतं, की तिने बुधवारीच आयर्लंडच्या दोन्ही घरमालकांना माफीची ई-मेल पाठवून दिली. मुलं धावतात, दिलगीर आहोत. सासरे येऊन-जाऊन असतात, त्यांची टाच जड आहे, त्याबद्दल वेगळी दिलगिरी.

शिरीषला हे शनिवारी कळलं. तो खुर्चीत बसला होता तो उठला आणि परत बसला.

"अगं, घर मिळायच्या आधीच माफी? आता दोघंही नाही म्हणतील. आणि बाबांची टाच कशाला घातलीस त्यात?"

"खरं आहे ते लिहिलं," सुलेखा म्हणाली.

मी माझी टाच खुर्चीखाली घेतली.

डब्लिनचं उत्तर आलं होतं. हरकत नाही, पण संध्याकाळी सातनंतर कृपया शांतता. शिरीषचा जीव भांड्यात पडला. सातनंतर शांतता आपल्याला जमते, पाच वर्षं जमलंय, तो म्हणाला. सुलेखाने तक्त्याकडे पाठ केली आणि ओट्याशी उभी राहिली.

सहाच्या सुमाराला फोन वाजला. कॉर्कच्या घरमालकीण, टूमीबाई. तिकडे सकाळचे दहा वाजले होते. सुलेखाने फोनचा स्पीकर लावला. बाईंचं इंग्रजी मला कळेना, शिरीषलाही निम्मंच कळत होतं, म्हणून सुलेखा मधूनमधून मराठीत सांगत होती. बाईंनी ई-मेल तीनदा वाचली होती. मुलांनी मोडलं काय, हे त्यांना समजेना. सुलेखाने सांगितलं, अजून काही नाही. मग माफी कशाची? घरात धावतात त्याची, खालच्यांना त्रास होईल म्हणून.

तिकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. बैठं घर आहे, बाई म्हणाल्या. खाली माती आहे. मातीखाली कोण राहतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आजवर कोणाची तक्रार आली नव्हती.

उत्तराने चित्र काढता काढता मान वर केली. खरंच कोणी नाही का, असं जपानीत विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर तिने अंबरीषला सांगितलं आणि तो जमिनीकडे बघत बसला.

शिरीषने बसचं विचारलं. पाऊण तास, आणि कधीकधी येतच नाही. टोकियोत गाडी पाच मिनिटं उशिरा आली तर स्टेशनवाले माफी मागून उशीर झाल्याचा दाखला देतात. शिरीषने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

तेव्हा सुलेखा हळूच बोलली. "पाच वर्षं मी मुलांना 'हळू' म्हणतेय. अंबरीषला ते आपलं आडनाव वाटत असेल. मला एकदा त्यांना ओरडायचंय ते घराबाहेर जाऊन, की आता आत या."

शिरीषने डोक्यावरचे हात खाली घेतले. तेवढ्यात टूमीबाई म्हणाल्या, एवढी माफी मागितलीत, तर ऐकवा तरी मला काय आवाज करतात ते.

सुलेखाने फोन जमिनीवर ठेवला. मुलांना म्हणाली, मारा उडी. दोघांनी हात धरले, उंच उडी मारली, आणि चवड्यांवर उतरली. काही वाजलं नाही. बाई हॅलो हॅलो करू लागल्या. पुन्हा उडी. पुन्हा कापसासारखी. अंबरीष रडवेला झाला, त्याला जमेचना. टाच कशी टेकायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शिरीष त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने मोजे काढले, मुलांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, आणि पायांत होता नव्हता तेवढा जोर आणून दोन्ही टाचांवर आदळला. कपाटातल्या बशा वाजल्या.

फोनमधून बाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

सुलेखा हसून हसून भिंतीला टेकली होती. "म्हणतायत, आता आलं ऐकू. कधी येताय?"